मानेची जाडी

पितळ माझ्या हाताखालून रोज जातं. फोंड्याजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे बुश येतात, बार्जच्या व्हॉल्व्हचे स्पिंडल येतात, चवथ जवळ आली की घराघरांतून आटे गेलेल्या समया येतात. या कामात भिंतीच्या जाडीचा विषय फारसा निघत नाही. भोक मापात हवं, आटा बसायला हवा, वरून पॉलिश हवं, एवढं झालं की गिऱ्हाईक खूश. त्यामुळे माझ्या मामेभावानं फोनवर विचारलं, "दादा, पितळेची भिंत ०.२१६ मिलिमीटर ठेवायची, चारी बाजूंनी सारखी. तू कशी करशील?" तेव्हा तो आकडा डोक्यात घर करून बसला.

मामेभाऊ डिचोलीत वाढला आणि नोकरीनिमित्त न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर स्थायिक झाला. तिथे त्याला बेंचरेस्ट नेमबाजीचं वेड लागलं. या प्रकारात रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवतात आणि १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, एकाच जागी पाच गोळ्या मारतात. मधोमध लागली का, हे भोकांच्या गटाच्या या स्पर्धेत कुणी विचारत नाही. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजतात. ज्याचं सगळ्यात कमी, तो जिंकला. अमेरिकेच्या मॅक मॅकमिलन यांनी १९७३ मध्ये हे अंतर ०.००९ इंचावर आणलं, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. पाच गोळ्या, एक भोक. तो विक्रम मोडायला २०१३ उजाडावं लागलं.

एवढ्या बारकाईच्या खेळात कारखान्याचं तयार काडतूस चालत नाही. खेळाडू स्वतःची काडतुसं स्वतः भरतात आणि पितळेची तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरतात. तिथे परवानाधारकाला हे करता येतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात, म्हणून सुट्टीवर येताना मामेभाऊ एक रिकामी पुंगळीसुद्धा खिशात आणत नाही, आणि मी मागतही नाही. आमचं हे सगळं शिक्षण व्हिडिओ कॉलवर झालं. आमच्याकडे दुपारची जेवणं उरकलेली असत, त्याच्याकडे रात्र झालेली असे; तो मायक्रोमीटर कॅमेऱ्यासमोर धरी आणि मी इथे वहीत आकडे उतरवी.

०.२१६ ची ती भिंत म्हणजे या पुंगळीच्या मानेची. आता ही मान म्हणजे काय ते सांगतो. काडतुसाची पुंगळी बाटलीच्या घाटाची असते. खाली रुंद अंग, त्यात दारू. वर निमुळता खांदा. आणि त्याच्या वर सरळ, बारीक मान. मानेत गोळी दाबून बसवलेली असते. ही मान एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे गोळी चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, मधोमध न बसता जरा कडेला बसते, आणि सुरुवातच वाकडी होते. दुसरं म्हणजे मानेची गोळीवरची पकड सगळीकडून सारखी राहत नाही. दारू पेटली की पातळ बाजू आधी सैल होते, जाड बाजू मागाहून. गोळी निघते ती एका अंगाला कलून. हा कल डोळ्यांना दिसत नाही, पण ९१ मीटरवर कागदावर उमटतो.

जाडी मुळात कमी-जास्त होते कशी, हे मला लगेच पटलं, कारण पत्र्याचं काम मी पाहिलेलं आहे. पुंगळी ओतून करत नाहीत. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त अशा पितळेच्या जाड चकतीची आधी वाटी करतात, मग ती वाटी पंच आणि डायमधून टप्प्याटप्प्यानं ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीनं पितळ कडक होतं, म्हणून मधे मधे तापवून मऊ करावं लागतं. पंच डायच्या मध्यापासून केसभर जरी सरकला असेल तरी वाटीची एक भिंत जाड होते, आणि तो फरक शेवटच्या ओढीपर्यंत जात राहतो. बांगडीचं भोक मधोमध न पाडता जरा बाजूला पाडावं, तसं काहीसं. चांगल्या कंपनीच्या पुंगळीत हा फरक हजारांश इंचाच्या आत असतो, म्हणजे २५ मायक्रॉनहून कमी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या मालात ५० मायक्रॉनपर्यंतही सापडतो. या खेळात ५० मायक्रॉन ही मोठी रक्कम आहे, आणि का ते पुढे येईलच.

मामेभावाची रायफल सहा पीपीसी या काडतुसाची. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी १९७५ च्या सुमारास ते तयार केलं. त्यासाठी त्यांनी .२२० रशियन नावाची पुंगळी घेतली आणि तिची मान सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी फाकवली. बेंचरेस्टमध्ये त्यानंतर याच काडतुसानं राज्य केलं. या रायफलींचं चेंबर मुद्दाम तंग मापाचं कापतात. मानेच्या जागी त्याचा व्यास ०.२६२ इंच, म्हणजे ६.६५ मिलिमीटर. गोळी बसवलेली मान ०.२६० इंचांची करायची. सगळी मोकळीक ०.००२ इंच, म्हणजे ५० मायक्रॉन, दोन्ही बाजू मिळून. गोळी ०.२४३ इंचांची, ती वजा केली आणि उरलेलं दोनानं भागलं की भिंत येते ०.००८५ इंच. माझ्या डोक्यात बसलेला ०.२१६ मिलिमीटर तो हाच. मूळ पुंगळीची मान याहून जाड असते, म्हणून ती बाहेरून कातून या मापाला आणावीच लागते. न कातलेली अशा चेंबरमध्ये जाणारच नाही. आणि जेमतेम गेली, तर ते जास्त धोक्याचं. मानेला फुलायला जागा नसेल तर ती गोळी सोडू शकत नाही आणि आतला दाब भलताच वाढतो. म्हणून मामेभाऊ भरलेल्या काडतुसाची मान मायक्रोमीटरनं मोजल्याशिवाय बोल्टला, म्हणजे चेंबर बंद करणाऱ्या दांड्याला, हात लावत नाही. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि यात कुणी कधीच सूट घेऊ नये.

मी लेथवाला. हे सगळं ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो चकचा, म्हणजे लेथवर काम पकडणाऱ्या जबड्यांचा. पुंगळी चकात धरली, डायल लावून मध्य काढला, टूल लावलं, झालं काम. फर्मागुडीच्या आयटीआयमध्ये पहिल्या वर्षाला हेच शिकवलेलं: काम घट्ट धरा, मध्य काढा, मग कापा. पण पातळ नळी तीन जबड्यांच्या चकात धरली की ती तीन ठिकाणी दबते. दबलेल्या अवस्थेत तिला तुम्ही अगदी गोल कातलीत तरी चक सैल केल्यावर ती परत फुगते, आणि आत्ता गोल होती ती तीन कोपऱ्यांची होते. हे मला बार्जच्या बुशांत ठाऊक होतंच. जाड बुशात तो फरक खपून जातो. पाव मिलिमीटरच्या भिंतीत तो झाकायला कुठे जागाच नाही.

मामेभावाकडचं मान कातायचं हत्यार मी स्क्रीनवर प्रथम पाहिलं तेव्हा मला ते अपुरं वाटलं. मुठीत मावेल एवढा धातूचा ठोकळा. त्यातून बाहेर आलेली एक गुळगुळीत पोलादी कांडी, तिला मँड्रेल म्हणतात. तिच्या शेजारी, केसभर अंतर राखून, एक छोटं कार्बाइडचं टूल. हे अंतर म्हणजेच उरणाऱ्या भिंतीची जाडी. पुंगळीची मान मँड्रेलवर चढवायची आणि पुंगळी फिरवत पुढे सारायची. मान आतून कांडीला टेकते, बाहेरून टूल तिला खरवडतं. चक नाही, टेलस्टॉक नाही. पुंगळीचा बूड ज्या पकडीत असतो ती पकडही मुद्दाम सैल ठेवलेली. ते सैलपण मला खटकलं. मी म्हटलं, "अरे, हे हलतंय!" तो म्हणाला, "हलायलाच पाहिजे, दादा. घट्ट धरलं तर पुंगळी माझ्या हाताच्या मध्यावर फिरेल. मला ती कांडीच्या मध्यावर फिरायला हवी."

हे वाक्य पचायला मला वेळ लागला. लेथवर मालक असतो तो स्पिंडलचा अक्ष. काम त्याच्या हुकुमात. इथे मालक आहे मानेची आतली बाजू. बाहेरचा कात आतल्या पोकळीकडे बघून होतो. टूल आणि कांडी यांच्यातलं अंतर बदलत नाही, म्हणून पुंगळी थोडी डुलली तरी भिंत तेवढीच राहते. एका अर्थी हे आमच्या लेथपेक्षा खरं यंत्र आहे, कारण जे माप हवंय तेच ते थेट धरून बसलंय. आम्ही अक्ष सांभाळतो आणि त्यातून जाडी बरोबर येईल अशी आशा करतो.

मग लगेच पुढचा प्रश्न: आतली बाजूच वेडीवाकडी असेल तर? त्याचं उत्तर मला या सगळ्या कलेतलं सगळ्यात देखणं वाटतं. कातायच्या आधी मानेतून दुसरी एक कांडी घालतात. ती कातायच्या कांडीहून अर्ध्या ते एक हजारांश इंचानं मोठी असते. ती आत गेली की मानेची आतली बाजू गोल आणि सरळ होते, आणि जाडीतली सगळी खोट बाहेरच्या पृष्ठावर ढकलली जाते. पितळ थोडं मागे येतं, म्हणून ही कांडी मोठी. मागे आल्यावर भोक कातायच्या कांडीला नेमकं बसतं. म्हणजे चूक नाहीशी करत नाहीत. तिला आधी आतून बाहेर आणतात, जिथे टूल पोचतं, आणि मग तिथे कापतात. माझे मेस्त, ज्यांच्या हाताखाली मी पितळ शिकलो, ते असते तर खूश झाले असते. ते म्हणायचे, "पितळ आपलें काम आपूणच करता, तूं फकत मदीं येवं नाका."

पण नुसतं बघून टर्नरचं समाधान होत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा टिप्पर आणि बार्जचं काम एकदम आटलं होतं, आणि तेव्हापासून मी बारीक कामं घ्यायला लागलो होतो. हात तसा तयार होता. वास्कोच्या एका भंगारवाल्याकडे जहाजाच्या कंडेन्सरची जुनी पितळी नळी मिळाली. ही नळी ॲडमिरल्टी पितळेची असते. तांबं, जस्त आणि एक टक्का कथील. पुंगळीच्या पितळेची ही जवळची नातलग. मी तिच्या आतल्या व्यासाला बसेल अशी पोलादी कांडी घासूनपुसून केली, नळी तिच्यावर चढवली आणि तिची भिंत उतरवत नेली. पुंगळी नव्हे, साधी नळी. पण हाताला काय लागतं ते तर कळेल.

लागलं ते असं. आमच्या रोजच्या पितळेत शिसं घातलेलं असतं. ते कातताना कीस फुटत फुटत, पावसाच्या सरीसारखा उडतो, आणि हात कुठे अडत नाही. शिशाशिवायच्या पितळेचा कीस लांब, चिवट, दोऱ्यासारखा निघतो आणि टूलच्या टोकाला चिकटून बसायला बघतो. यंत्रकामाच्या कोष्टकात शिशाच्या पितळेला १०० धरलं तर पुंगळीच्या पितळेला ३० च्या आसपास गुण देतात. हे आकडे मी पूर्वीही वाचले होते, पण त्या ३० चा अर्थ मला त्या दोऱ्यानं सांगितला. तेल थोडं कमी पडलं की आतल्या बाजूनं नळी कांडीला धरते. चिर्र असा बारीक आवाज येतो, आणि मग नळी काढली तर आतून ओरखडा. मामेभावालाही हेच भोगावं लागलं होतं. म्हणून तो प्रत्येक पुंगळीच्या आधी कांडीवर तेलाचं बोट फिरवतो आणि काही पुंगळ्या झाल्या की हत्यार बाजूला ठेवून गार होऊ देतो.

गार होऊ देण्याचं कारणही मी वहीत हिशोब करून बघितलं. सहा मिलिमीटरची पोलादी कांडी चाळीस अंशांनी तापली तर तिचा व्यास तीन मायक्रॉनच्या आत वाढतो. म्हणजे एका बाजूला दीड. भिंत तेवढ्यानं पातळ होणार. बार्जच्या बुशात दीड मायक्रॉन म्हणजे काहीच नाही. पण हे लोक भिंतीतला फरक अडीच मायक्रॉनच्या आत ठेवू बघतात, त्यात दीड उष्णतेनंच खाल्ले तर उरलं काय? सकाळची पहिली पुंगळी आणि दुपारची शेवटची यांत जो फरक येतो त्यात टूलचा दोष नसतो, घाईचा असतो. मापं सगळीकडे २० अंश तापमानाला धरलेली असतात. गोव्यात मे महिन्यात माझ्या पत्र्याखाली पारा त्याच्या कितीतरी वर असतो, तेव्हा मी मायक्रोमीटर आणि काम दोन्ही रात्रभर एकाच कपाटात ठेवतो आणि सकाळी लवकर मोजतो. निदान दोघं एकाच तापमानाची असतात.

पुढे मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये, त्याच्या शेजारी बसून, खऱ्या पुंगळीची मान कातली. नव्या पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक असते. कारखान्यात मान शेवटी तापवून मऊ करतात, त्या आचेची ती खूण. टूल पुढे सरकतं तशी ती झाक जाते आणि खालून पिवळंधमक पितळ निघतं. पण एकदम सगळीकडून नाही. पहिल्या हलक्या काताला मानेच्या एका बाजूला झाक जाते आणि दुसऱ्या बाजूला तशीच राहते. जी बाजू उजळली ती जाड होती, जी काळी राहिली ती पातळ. मापाच्या काट्यावर जे वाचायचं ते डोळ्यांसमोर रंगानं लिहिलेलं. त्या एका पुंगळीवर मी बराच वेळ घुटमळलो. मामेभाऊ काही बोलला नाही. त्यानं नुसता दिवा जरा जवळ ओढला.

मग गोल अणीच्या मायक्रोमीटरनं मान मोजायची. सपाट अणीचा चालत नाही, कारण तो आतल्या गोलाईवर दोन कडांना टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. एक बाजू, तिच्या समोरची, मग मधल्या दोन. तोंडाजवळ एकदा, खांद्याजवळ एकदा. दोन कातांत काम करायचं: पहिला मोठा, दुसरा बारीक, शेवटच्या काताला टूलवर फार ओझं यायला नको. पुंगळ्या आधीच एका लांबीच्या कापून घ्यायच्या, नाहीतर टूल कुठे थांबणार ते प्रत्येकीत वेगळं येतं. आणि ते नेमकं कुठे थांबतं याला फार महत्त्व आहे. मान संपून खांदा सुरू होतो तिथे टूल जरासं खांद्यावर चढलं पाहिजे, म्हणून टूलची धारही खांद्याच्या कोनाला घासलेली असते. टूल अलीकडेच थांबलं तर तिथे जाड पितळेचं एक कडं उरतं. पुढे पुंगळी वापरात आली की ते कडं आत सरकतं आणि गोळीच्या बुडाला आवळतं. इंग्रजीत त्याला डोनट म्हणतात, आणि हे लोक त्याचं नाव फार वैतागानं घेतात. उलट टूल फार पुढे गेलं तर खांद्याची मुळी पातळ होते आणि एखाद दिवशी मान तिथूनच तुटून येते. या दोन्हींच्या मधली जागा केवढी? पापणी लवेल तेवढी. ती सापडेपर्यंत तो चार-दोन जुन्या पुंगळ्या बळी देतो आणि मगच चांगल्यांना हात लावतो.

एक गोष्ट मात्र कातून होत नाही, आणि ती सांगितली पाहिजे, कारण याबद्दल लोकांचा फार गैरसमज असतो. मानेच्या जाडीतला फरक फक्त मानेपुरता नसतो. वाटी ओढताना पंच सरकला असेल तर तो फरक पुंगळीच्या सगळ्या अंगात उतरलेला असतो. मान कातून सारखी केलीत तरी अंगाची एक बाजू जाड, एक पातळ राहतेच. गोळी सुटताना पातळ बाजू जास्त ताणली जाते आणि पुंगळी हळूहळू केळ्यासारखी वाकते. त्यावर टूल नाही. म्हणून मामेभाऊ कातायच्या आधी सगळ्या माना मोजतो आणि ज्यांच्यात फरक जास्त त्या बाजूला काढतो. कातणं हे निवडीच्या नंतरचं काम आहे. आमच्या धंद्यातही वाकडा आलेला शाफ्ट कातून सरळ करून द्या म्हणणारे येतात. वरून सरळ दिसेल असा कातून देता येतो. चार महिन्यांत तो परत येतो.

पितळ, पाऊस आणि काडतुसं यांची एक जुनी गोष्ट आपल्याच देशातली आहे, ती मला मामेभावानं सांगितली आणि मी मग शोधून वाचली. ब्रिटिश फौजा हिंदुस्थानात होत्या तेव्हा पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि काडतुसं कोरड्या दिवसांपर्यंत तबेल्यांत ठेवून देत. पाऊस सरल्यावर काढून बघावं तर कितीतरी पुंगळ्या आपोआप तडकलेल्या. हवामानाचा दोष समजून त्याला ऋतूचं नाव पडलं. खरं कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये उलगडलं. घोड्यांच्या मुतातून अमोनिया उठत होता, आणि ओढून कडक केलेल्या पितळेत ताण अडकून राहिला होता. एकट्या ताणानं पितळ तडकलं नसतं, एकट्या अमोनियानंही नाही. दोघं भेटले आणि फुटलं. उपाय म्हणजे पितळ बेतानं तापवून तो ताण काढून टाकणं. नव्या पुंगळीच्या मानेवरची निळसर झाक मी आता वेगळ्या नजरेनं बघतो. अमोनियाचं पॉलिश पुंगळ्यांना लावू नये हे हे लोक एकमेकांना बजावत असतात, तेही यामुळेच.

मी इथे मित्रांना हे सांगायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो: आपला स्वप्नील कुसाळे हेच करतो काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा पोरगा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला त्यानं कांस्य आणलं तेव्हा इथे आम्हीही टीव्हीसमोर श्वास धरून बसलो होतो. नाही, त्याचा प्रकार वेगळा. ती .२२ ची रिमफायर काडतुसं. त्यांची पेटवणारी दारू बुडाच्या काठातच भरलेली असते, एकदा वाजली की पुंगळी कामातून गेली. ती कुणी पुन्हा भरत नाही, मान कातत नाही. तिथला बारकावा निवडीत असतो: कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्याच रायफलीतून मारून बघायची आणि जो लॉट आपल्या नळीला मानवेल तो उचलायचा. मला दोन्हींत एकच स्वभाव दिसतो, पण हात वेगळे लागतात.

आणि ज्यांना खरंच हे करता येतं अशा देशांत राहणाऱ्या आपल्या लोकांना माझं सांगणं सरळ आहे. तुमच्या रायफलीचं चेंबर साधं, कारखान्याचं असेल तर मान कातायच्या मागे लागू नका. अशा चेंबरमध्ये मानेभोवती आधीच भरपूर मोकळीक असते. कातलीत तर ती आणखी वाढेल, मान दर वेळी जास्त फुलेल, दर वेळी जास्त आवळावी लागेल, आणि पितळ लवकर कडक होऊन चिरेल. चांगल्या पुंगळ्या घ्या, मोजा, वाईट बाजूला काढा. फार वाटलं तर अगदी हलका हात फिरवा. नुसती उंच बाजू उजळली आणि बाकी झाक तशीच राहिली तरी पुष्कळ. मी माझ्या पेशात हेच पाहिलंय की माणसाकडे नवं टूल आलं की त्याला जरूर नसलेली कामं दिसायला लागतात. मामेभावाचं चेंबर तंग मापाचं आहे, त्याला पर्याय नाही. म्हणून तो काततो, आणि मन लावून काततो.

आता आमच्यात एक नवा विषय सुरू आहे. पुंगळी वाजत गेली की पितळ हळूहळू पुढे, मानेकडे वाहतं. तिची लांबी वाढते, ती कापावी लागते. आणि भिंतही पुन्हा किंचित जाड होते. तंग चेंबरात ही वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नाही, कारण मोकळीक मुळातच ५० मायक्रॉनची. मामेभावाचं म्हणणं, वाढ सगळ्या मानेभर सारखी येत असावी. मला वाटतं ती खांद्याच्या बाजूला आधी दिसेल, कारण पितळ तिकडूनच येतंय आणि मुळाशीच अडणार. तो या आठवड्यात जुन्या लॉटच्या पुंगळ्या काढून तोंडाजवळ आणि खांद्याजवळ अशा दोन्ही जागी मोजणार आहे. मी त्याला सांगितलंय, आधी मोज, तेल-बिल पुसून, पुंगळ्या आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत रात्रभर ठेवून; आणि आकडे मला जसेच्या तसे पाठव, सरासरी काढू नकोस.